सिनेमात भेटलेली गाणी, जी मुळात त्या सिनेमाची नव्हतीच

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. आवडत्या चित्रपटगीतांचे धागे इथे पुष्कळ झालेत, हा थोडा वेगळा आहे. गाणं आधीपासून होतं. कुणाच्या नाटकात, कुणाच्या मैफलीत, कवितेच्या पुस्तकात नाहीतर परदेशातल्या एखाद्या रेकॉर्डवर. आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. मग एका सिनेमाने ते उचललं, एका प्रसंगात बसवलं आणि ते आपल्या कानात कायमचं राहिलं. अशी गाणी लिहा. नुसतं नाव लिहून जाऊ नका. सिनेमात ते कुठे येतं, आणि नंतर तुम्ही मूळ गाण्यापर्यंत गेलात का, तेही सांगा. मला स्वतःला त्या दुसऱ्या प्रवासात जास्त रस आहे.

माझं गाणं 'अनकही'मधलं (१९८५). अमोल पालेकरांचा सिनेमा, खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावरचा, संगीत जयदेव. त्यातलं भीमसेनजींचं 'रघुवर तुमको मेरी लाज' सगळ्यांना माहीत असतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला भीमसेनजी सिनेमातून कळायची गरजही नसते. मला सापडलं ते आशाबाईंचं 'कौनो ठगवा नगरिया लूटल हो'. कबीराचं पद.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय हे गाणं तिथे का आहे ते कळणार नाही. ज्योतिषी वडील (डॉ. लागू) सांगतात की मुलाची पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलाचं प्रेम दुसरीवर. म्हणून तो एका साध्याभोळ्या मुलीशी (दीप्ती नवल) आधी लग्न करतो. म्हणजे ती मुलगी घरात येते तीच मरण्यासाठी आणलेली, आणि तिला यातलं काहीही माहीत नाही. आता पद बघा. कबीर चंदनाच्या खाटेवर निजलेल्या नवरीचं वर्णन करतो. शब्द सगळे लग्नघरातले आणि अर्थ तिरडीचा. हे पद तिथे वाजलं की अंगावर येतं. आशाबाईंनी त्यात रडवेपणाचा लवलेश आणलेला नाही, सरळ सांगावं तसं गायल्या आहेत.

त्यानंतर मी कुमार गंधर्वांचं ऐकलं. पद तेच, पण तिथे नवरी नाही, घर नाही, कुठलीच गोष्ट नाही. आवाज एकदम वर फेकला जातो आणि तिथेच तुटतो. सिनेमा न बघता हे आधी ऐकलं असतं तर मला ते दुरून भव्य वाटलं असतं, एवढंच. दीप्ती नवलचा चेहरा माहीत होता म्हणून मी कुमारांच्या त्या तुटलेल्या सुरापाशी थांबले.

लकडीपूल

मस्त धागा! माझ्याकडून 'मसान' (२०१५). 'तू किसी रेल सी गुज़रती है'. ही मूळ ओळ हिंदी कवी दुष्यंत कुमारांची. वरुण ग्रोव्हरने तो शेर घेऊन पुढचं गाणं लिहिलं, संगीत इंडियन ओशनचं, गायलंय स्वानंद किरकिरेंनी. मी इंजिनिअरिंगला होतो, हिंदी कवितेशी शाळेपासून संबंध तुटलेला. या एका ओळीमुळे अप्पा बळवंत चौकात जाऊन 'साये में धूप' मागवून घेतलं. चिमुकलं पुस्तक आहे. गझला बहुतेक राजकीय, चिडलेल्या, आणि मधेच हा रेल्वे आणि पुलाचा शेर. सिनेमात तो कोवळ्या प्रेमावर आहे, पुस्तकात त्याच्या आजूबाजूला आणीबाणीच्या वर्षातला राग आहे. दोन्ही आवडतं.

सायंतारा

चैत्रपालवी, 'कौनो ठगवा'बद्दल इतकं नेमकं लिहिलंस की लगेच लावून ऐकलं.

माझं परदेशी आहे, चालेल ना? 'शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४). अँडी तुरुंगाच्या ऑफिसात स्वतःला कोंडून घेतो आणि लाऊडस्पीकरवर रेकॉर्ड लावतो. अंगणातले सगळे कैदी जागच्या जागी उभे राहतात. दोन बायका गात असतात. रेड म्हणतो, त्या इटालियन बायका काय गात होत्या मला आजतागायत कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

मला मात्र कळून घ्यायचं होतं. ते मोत्झार्टच्या 'मॅरेज ऑफ फिगारो' (१७८६) या ऑपेरातलं द्वंद्वगीत आहे, 'सुल्लारिया'. सिनेमातलं ध्वनिमुद्रण गुंडुला यानोविट्झ आणि एडिथ माथिस यांचं, संचालन कार्ल ब्योम यांचं. आणि प्रसंग काय, तर काउंटेस आपल्या दासीला, सुझानाला, एक पत्र सांगतेय आणि सुझाना ते लिहून घेतेय! बाहेरख्याली नवऱ्याला रंगेहाथ पकडायचं आहे, म्हणून पाइनच्या झाडांखाली भेटायचा खोटा निरोप. काउंटेस ओळ सांगते, सुझाना लिहिता लिहिता तिचा शेवट पुन्हा म्हणते. म्हणून दुसरा आवाज पहिल्याच्या मागून येतो. मग पत्र लिहून झाल्यावर दोघी ते एकत्र वाचतात आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. नुसतं गोड लागणारं गाणं किती विचार करून रचलंय हे त्या दिवशी समजलं. आता ऐकताना मला कैदीही दिसतात आणि दौतीत बुडणारी लेखणीही दिसते.

अभोगी

धागा उत्तम. पण एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

सिनेमाने जुनं गाणं लोकांपर्यंत पोचतं हे खरं, पण पोचतं ते काय? 'कट्यार काळजात घुसली' मी रंगमंचावर पाहिलेलं आहे. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, १९६७ साली नाट्यसंपदेने रंगमंचावर आणलं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 'घेई छंद मकरंद' म्हणताना ते एका जागेवरून दुसरीकडे कसे जातील याचा प्रेक्षकांना अंदाज नसायचा. बहुधा त्यांनाही आधी ठरवलेलं नसायचं. प्रयोगागणिक पद बदलायचं, वन्समोअर आला की आणखी निराळं व्हायचं. २०१५च्या सिनेमात तेच पद आहे, राहुल देशपांडे गायलेतही तयारीने. पण कॅमेऱ्याला घाई असते. गवय्या तानेवर येतो आणि तोवर दृश्य बदलतं. जी गायकी वेळ घेऊनच फुलते तिला वेळच द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं की आम्ही ती नव्या पिढीला दिली. 'बालगंधर्व'च्या (२०११) बाबतीतही मला असंच वाटलं, आनंद भाटे यांचा आवाज अप्रतिम लागला असूनही.

मोरपिशी

अभोगीकाका, राग कसला. तुम्ही वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलंत याचा हेवा वाटतो. पण आमच्या घरात घडलेलं सांगते.

माझी लेक नववीत आहे. तिला 'कट्यार'मधलं पहिल्यांदा आवडलं ते 'सूर निरागस हो'. ते तर जुनं पदच नाही, सिनेमासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी केलेलं नवं गाणं. त्याच्या मागोमाग 'घेई छंद' तिच्या कानावर पडलं, 'सुरत पिया की' पडलं. सहकारनगरला तिच्या गाण्याच्या क्लासमध्ये बाईंनी वसंतरावांचं आणि अभिषेकीबुवांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. घरी येऊन मला विचारते, आई, शब्द तेच आहेत मग चाली दोन का? नाटकाचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तोच प्रश्न! एकच पद, दोन घराणी, दोन चाली. एक चाल शब्दाला गोंजारत जाते, दुसरी चपळ, अंगावर धावून येणारी. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्यातलं भांडण संवादाची एक ओळ न ऐकताही कळतं. नववीतल्या मुलीला ते कानाने कळलं. नाटक बघायची संधी तिला कधी मिळाली असती कोण जाणे. ती सिनेमाच्या दारातून आत आली आणि आता वसंतरावांच्या ताना बसवायला बघतेय. जमत नाहीत, रोज बसते.

वेळेबद्दल एक म्हणू का? बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' महाराष्ट्रभर घराघरांत गेलं ते तेवढ्यात बसवलेलंच. ज्यांना नाटकाचं तिकीट परवडत नव्हतं त्यांनी तबकडीवर ऐकलं. तेव्हाही रात्र रात्र नाटक ऐकणारे म्हणालेच असतील, हे काय गाणं झालं?

अभोगी

मोरपिशी, तबकडीचा मुद्दा बिनतोड आहे. मी स्वतः 'नाथ हा माझा' तबकडीवरच ऐकत मोठा झालो, आणि ते अपुरं आहे असं मला कधीही वाटलेलं नाही. लेकीला माझे आशीर्वाद सांगा. तिला म्हणावं, ताना नंतर. आधी त्या चपळ चालीत वसंतराव शब्द कुठे तोडतात ते ऐक.

तरी माझा एक आग्रह राहतोच. सिनेमा बघून जो मुळाशी जातो त्याचं ठीक. बाकीच्यांच्या डोक्यात सिनेमातलं रूप हेच मूळ म्हणून बसतं, त्याचं काय करायचं?

रीळवाला

अभोगीकाकांच्या शेवटच्या प्रश्नावरून एक उलटं उदाहरण आठवलं. धाग्याच्या नियमात बसत नाही, पण पुण्यातलं आहे म्हणून लिहितोच.

'आधी बीज एकले' हे गाणं कुणाचं, असं रस्त्यात दहा जणांना विचारा. बहुतेक जण तुकाराम महाराजांचं म्हणतील. भजनी मंडळांत ते अभंग म्हणूनच गायलं जातं. ते शांताराम आठवल्यांनी प्रभातच्या 'संत तुकाराम'साठी (१९३६) लिहिलेलं गीत आहे. गाथेत नाही. संगीत केशवराव भोळे यांचं, पडद्यावर विष्णुपंत पागनीस. आठवल्यांनी तुकोबांची भाषा आणि दृष्टान्त द्यायची रीत इतकी आत्मसात केली की लोकांनी गाण्यावरचं त्यांचं नाव पुसून तुकोबांचं लिहिलं. सिनेमातून बाहेर पडून गाणं थेट संतांच्या पदरात गेलं. गदिमांच्या 'कानडा राजा पंढरीचा'चंही थोडंफार तसंच. 'झाला महार पंढरीनाथ' (१९७०) या सिनेमासाठी लिहिलेलं, बाबूजींची (सुधीर फडके) चाल, बाबूजी आणि वसंतराव गायलेत. आज वारीत ते म्हणणाऱ्या किती जणांना सिनेमाचं नाव आठवतं? काका, म्हणजे 'सिनेमातलं रूप हेच मूळ' असं मानण्याच्या बरोब्बर विरुद्धही घडतं. सिनेमा विसरला जातो आणि गाणं त्याच्याही आधीचं होऊन बसतं.

आता नियमात बसणारं. तेही प्रभातचंच. 'कुंकू' (१९३७), व्ही. शांताराम. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा. शांता आपटे त्यात एक इंग्रजी कविता गातात. हो, इंग्रजी! लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ', १८३८ची. पुण्यात तयार झालेल्या मराठी सिनेमात, नऊवारीतली मुलगी, आणि जगाच्या रणांगणावर मुक्या गुरासारखा हाकला जाऊ नकोस, वीर हो, असं सांगणारी इंग्रजी कडवी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ताठ बसलो. उच्चार आपल्याकडचे, पण आवाजात भीड म्हणून नाही. त्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातलं जुनं घड्याळ, भांडी, दारं यांचेच आवाज. अशा मुक्या घरात ते गाणं आलं की या मुलीने शाळेतून नेमकं काय बरोबर आणलंय ते कळतं. परकी भाषा, आणि तिच्यात तिचं सगळं बळ.

लाँगफेलोची कविता त्या काळी आपल्याकडे मुलं पाठ करायची, आज कुणी वाचत नाही. मी शोधून वाचली. कागदावर ती उपदेशपर, जराशी जुनाट वाटते. शांता आपट्यांच्या तोंडी ती उपदेश राहत नाही, स्वतःला दिलेला धीर होते. मूळ कृतीपेक्षा सिनेमातलं रूप वरचढ ठरलेलं मला माहीत असलेलं हे सर्वात पक्कं उदाहरण.

ज्या स्टुडिओत हे चित्रीत झालं तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. लॉ कॉलेज रोडवरून आपण रोज त्याच्यासमोरून जातो.

चैत्रपालवी

रीळवाला, काय लिहिलंय! 'कुंकू' लहानपणी दूरदर्शनवर बघितलेला, इंग्रजी गाणं पुसट आठवत होतं, पण ते लाँगफेलोचं हे नवीनच. नियमाबाहेरचंही बेलाशक लिहा.

अभोगीकाका, निवांत चाललेल्या गाण्याला वेळ द्यावा हे मलाही पटतं. म्हणूनच धाग्यात 'मुळापर्यंत गेलात का' हे विचारलं.

टिळकरोडचा_वाटसरू

'दिल्ली ६' (२००९), 'भोर भये'. बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज आणि त्याबरोबर श्रेया घोषाल. खाँसाहेब १९६८ साली गेले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाभोवती रेहमानने गाणं बांधलं. त्यातला गुर्जरी तोडी राग म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, अजूनही ओळखता येईल याची खात्री नाही, पण सकाळी सिंहगडाकडे गाडी काढली की हेच लावतो आणि मग खाँसाहेबांचं पूर्ण. बायको म्हणते, आवाज कमी कर, दऱ्याखोऱ्यांना ऐकवायचंय का.

आणि 'अंधाधुन' (२०१८) कुणी कसा लिहिला नाही? आपल्या पुण्यात घडणारा सिनेमा. अनिल धवन त्यात जुन्या काळचा नट झालेत आणि त्यांच्याच 'हवस'मधलं (१९७४) रफीचं 'तेरी गलियों में ना रखेंगे क़दम' त्यात येतं. धवन स्वतः पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. माझ्या भाच्याला हे गाणं 'अंधाधुन'मुळे कळलं, मला ते रेडिओमुळे माहीत होतं. आता गाडीत दोघं मिळून म्हणतो.

लकडीपूल

वाटसरू, भारी. यावरून उलट्या दिशेचं एक. 'घोस्ट वर्ल्ड' (२००१) नावाचा अमेरिकन सिनेमा सुरू होतो तोच 'गुमनाम'मधल्या (१९६५) 'जान पहचान हो'ने. अमेरिकन पोरगी खोलीत एकटी, टीव्हीवर आपलं गाणं लावून त्याबरोबर बेभान नाचतेय. रफी, शंकर-जयकिशन, आणि पडद्यावर लक्ष्मी छाया. मला हे गाणं तोपर्यंत धड माहीत नव्हतं. एका हॉस्टेलच्या खोलीत अमेरिकन सिनेमा बघताना ते सापडलं आणि दुसऱ्या दिवशी 'गुमनाम' पाहिला. घरचं गाणं अमेरिकेमार्गे आलं, पण आलं.

जलतरंग

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. पण या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

वाँग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००). साठच्या दशकातलं हाँगकाँग. शेजारी राहणारे दोघं, त्याच्या बायकोचं आणि तिच्या नवऱ्याचं एकमेकांशी जुळलेलं. ती बाई रोज संध्याकाळी डबा घेऊन जिन्याने खाली नूडल्स आणायला जाते. पडदा संथ होतो आणि व्हायोलिन सुरू होतं. खाली तारांवर बोटांनी छेडलेला ठेका, वर लांब ओढलेला सूर. तो जिना चढत असतो, ती उतरत असते, क्षणभर शेजारून जातात. बोलत नाहीत. हे अनेकदा येतं आणि दर वेळी तेच संगीत. आपल्याला वाटतं खास याच सिनेमासाठी केलं असणार.

ते 'युमेजीज थीम'. शिगेरू उमेबायाशीने १९९१ साली सुझुकीच्या 'युमेजी' या जपानी सिनेमासाठी केलेलं. एका सिनेमातून उचलून दुसऱ्यात ठेवलेलं आणि दुसऱ्याचंच होऊन गेलेलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोटं आपोआप मांडीवर धा धिं ना, धा तिं ना वाजवू लागली. मी तबला शिकलेय म्हणून असेल, पण मला तो दादरा तालच ऐकू येतो. म्हणून ती बाई इतकी ओळखीची वाटली असावी, तुळशीबागेतून संध्याकाळी एकटी घरी परतणाऱ्या कुणासारखी.

सायंतारा

जलतरंग, तुम्ही जास्त लिहीत जा, कृपया.

अभोगी

जलतरंगताई, नातवाकडून लावून घेतलं ते. पुन्हा लावायला सांगितलं. फार सुंदर आहे.

दादऱ्याबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मात्रा सहा मोजता येतात हे खरं. पण दादऱ्यात दुसऱ्या तीन मात्रांवर 'खाली' येते, म्हणजे वजन उतरतं, आणि त्या उतरण्यातच त्याचा झोका आहे. इथे दर तीन मात्रांनी वजन तितकंच पडतं. पाऊल प्रत्येक पायरीवर सारखंच ठेवल्यासारखं. जिन्यावरच्या प्रसंगाला तेच शोभतं, झोका असता तर तिथे लाडिकपणा आला असता. तबला शिकलेल्या कानाला खाली आपसूक ऐकू येते, तुम्ही ती मनाने भरता आहात. पुन्हा एकदा नुसता खालचा ठेका ऐकून बघा आणि कळवा.

चैत्रपालवी, 'गमन'मधली (१९७८) मखदूम मोहिउद्दीन यांची गझल अजून कुणी लिहिलेली नाही. छाया गांगुलींचं 'आपकी याद आती रही'. संगीत पुन्हा तुमच्या जयदेवांचंच. कॅसेट शोधतो आहे, नीट ऐकून उद्या-परवा लिहितो.